नेहमीच्या पद्धतीची बाळं

नाव : श्रीमती अस्मिता निशांत सकपाळ. पद : वरिष्ठ परिचारिका तथा प्रमुख संशोधिका, नवजात अतिदक्षता विभाग. मुक्काम : खांदेश्वर, नवी मुंबई. शैक्षणिक अर्हता : एम.एस्सी. नर्सिंग, पीएच.डी. चालू. संशोधनाचा विषय : 'रुग्णालयात दाखल अर्भकांच्या टाचेतून रक्त घेतेवेळी मातेच्या अंगस्पर्शाने होणारे वेदनाशमन : एक तुलनात्मक अभ्यास'. बांधा : मध्यम. स्वभाव : हा रकाना भरण्याची पद्धत नाही. सदर व्यक्ती संस्थेच्या सेवेत समाधानकारकरीत्या कार्यरत असून तिच्या संशोधनातून विभागास उपयुक्त निष्कर्ष प्राप्त होणे अपेक्षित आहे.

स्वभावाचा रकाना भरून द्यायला तिची सासू केशरबाई एका पायावर तयार होती. "बूड टेकत नाय," एवढंच तिने लिहिलं असतं, आणि त्यावर कुणाचा आक्षेप आला नसता. अस्मिता जेवायची ती ओट्याशी उभी राहून. पेपर वाचायची तो गॅलरीत फेऱ्या मारत. सोसायटीच्या मीटिंगला गेलीच तर मागच्या भिंतीला टेकून उभी, आणि कुणी खुर्ची पुढे केली की, "असू दे, मी निघतेच आहे." निघायची मात्र सगळ्यांच्या शेवटी. तिचं लक्ष पार्किंगच्या भांडणाकडे नसायचं, माणसांच्या चेहऱ्यांकडे असायचं. भुवयांच्या मध्ये किती फुगलं, डोळे किती घट्ट मिटले, नाकाच्या कडेची रेघ ओठांकडे किती खोल उतरली, यावरून ज्याला बोलता येत नाही अशा बाळाला किती दुखतंय याचे गुण देता येतात. ही विद्या शिकल्यापासून तिला ज्यांना बोलता येतं त्यांचेही गुण दिसायला लागले होते.

"सेक्रेटरींना पार्किंगचं विचारलं ना, की त्यांना भयंकर दुखतं," तिने एकदा नवऱ्याला सांगितलं.

"अगं, ते हसतात," निशांत म्हणाला.

घरातही तेच. केशरबाई भाजी निवडून जमिनीवरून उठायला लागली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आई, गुडघा दुखतोय."

"कोन म्हनतंय?"

"तुमचं कपाळ."

"माझ्या कपालाकडं बगू नको. तव्याकडं बग, भाकरी करपली."

मुळात ती प्रसिद्ध होती टोचण्यासाठी. वेळेआधी जन्मलेली, वजनाने कमी, काविळीने पिवळी पडलेली, श्वासाला अडणारी बाळं ज्या वॉर्डात काचेच्या पेट्यांत ठेवतात, तिथे दिवसातून अनेकदा टाचेला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यावा लागतो. अस्मिताचा हात हलका आणि चपळ. स्पिरिटचा बोळा, सुई, थेंब, कोरडा बोळा, पुढचं बाळ. बाळं रडायची. रडण्याने फुप्फुसं मोकळी होतात, असं तेव्हा सगळे म्हणत. ज्या बाळांची फुप्फुसं मोकळीच होती त्यांच्याबद्दलही म्हणत. एवढ्याशा जिवाला काय कळतंय, हेही ठरलेलं वाक्य होतं. टोचायची वेळ झाली की आयांना बाहेर काढायचं, हा वॉर्डाचा रिवाज. आया रडतात, मध्ये हात घालतात आणि जंतू आणतात, अशी त्याची तीन कारणं होती, आणि तिन्ही खोटी नव्हती.

मग पेटीत एक मुलगी आली आणि बरेच दिवस राहिली. एका सकाळी अस्मिताने तिच्या टाचेला नुसता ओला बोळा लावला. सुई अजून पाकिटात होती. मुलीने पाय पोटाशी ओढून घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. योगायोग असेल म्हणून अस्मिताने दुपारी पुन्हा बोळाच लावला, सुई नाहीच. पुन्हा तेच. शेजारच्या पेटीत आदल्या दिवशी आलेला एक मुलगा होता, त्याला लावला; तो ढिम्म. म्हणजे एवढ्याशा जिवाला कळत होतं. नुसतं कळत नव्हतं, पाठ झालं होतं.

केशरबाईच्या मते सून बिघडली ती त्या दिवशी. अस्मिता वाचायला लागली. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरलं, जिभेवर तिच्याच दुधाचे दोन थेंब दिले, हातपाय दुमडून ओंजळीत घट्ट ठेवले, की सुईचं दुःख बरंच कमी होतं, हे तिला कळलं. जगाला ते केव्हापासून ठाऊक होतं. फक्त वॉर्डाला नव्हतं.

ती विभागप्रमुखांकडे गेली. डॉ. राजवर्धन निंबाळकर हा सज्जन माणूस. त्यांचा माणसांवर विश्वास होता, पण कागदावर जास्त होता.

"मॅडम, जगाचं मला सांगू नका," ते म्हणाले. "जगात नर्सला एक बाळ असतं, आपल्याकडे किती असतात ते तुम्हीच सांगता मला रोज. आपल्या वॉर्डचा डेटा आणा. फरक दिसला, तर मी स्वतः सर्क्युलर काढतो, आया आत. नाही दिसला, तर आया बाहेर. आणि मग हा विषय परत माझ्या टेबलावर नको."

"लेखी देता, सर?"

"तोंडी देतो. लेखी द्यायला तुमचा डेटा लागेल."

अस्मिताने पीएच.डी.ला नाव घातलं. बाळांचे दोन गट केले. पहिल्यातली बाळं टोचताना आईच्या अंगावर. दुसऱ्यातली 'नेहमीच्या पद्धतीची': बाळ एकटं, आई काचेबाहेर. नैतिकता समितीने दुसऱ्या गटावर बरीच चर्चा केली. बाळाला मुद्दाम आईवेगळं ठेवून टोचणं योग्य आहे काय? शेवटी, हे तर रोज चालतंच, असं लक्षात आल्यावर परवानगी मिळाली. एखादी गोष्ट रोज करायला परवानगी लागत नाही. ती तपासायला लागते.

टोचताना बाळाच्या चेहऱ्याचा व्हिडिओ घ्यायचा. फक्त चेहऱ्याचा, म्हणजे गुण देणाऱ्या नर्सिंग कॉलेजच्या बाईंना बाळ कुठल्या गटातलं ते कळायला नको. आणि वॉर्डातल्या सगळ्या सिस्टरांना चेहरा वाचायला अस्मिता स्वतः शिकवणार. तसं तिने शिकवलंही. जेवणाच्या सुटीत, डबे उघडे असताना, ती मोबाइल पुढे धरायची. "ही भुवई बघा. आता फुगली. आता डोळे. आता रेघ. दिसली?"

"दिसली गं बाई," शालन सिस्टर म्हणायच्या. "आता मला भात दिसू दे."

शालन सिस्टर वॉर्डाच्या इनचार्ज. मूळच्या कराडकडच्या, इकडे येऊन निम्मं आयुष्य गेलं, तरी चिडल्या की बोली सरळ कृष्णेकाठी जायची.

बाळं येत गेली, जात गेली, व्हिडिओ साठले. कॉलेजच्या बाईंनी गुण दिले. अस्मिताने आकडे मांडले आणि उभ्या उभ्याच कॉम्प्युटरकडे बघत राहिली. फरक नव्हता. आईच्या अंगावरची बाळं आणि एकटी बाळं, दोघांनाही सारखंच दुखत होतं. म्हणजे दोघांनाही जवळपास सारखंच कमी दुखत होतं. आकडे पुन्हा मांडले. आकड्यांनी तेच सांगितलं.

पुढचे काही दिवस घराला वाईट गेले. अस्मिता भांडी घासलेली पुन्हा घासायची. निशांतने तिला रविवारी सीवूड्सच्या मॉलमध्ये नेलं, जरा मन रमेल म्हणून; तिने तिथले तिन्ही मजले वर-खाली केले, काही घेतलं नाही, आणि खेळण्यांच्या दुकानाबाहेर रडणाऱ्या एका पोरासमोर इतकी रोखून उभी राहिली की त्याच्या बापाने विचारलं, "काय पायजे, मॅडम?"

"आणि समजा, खरंच कळत नसेल त्यांना?" परत येताना ती म्हणाली. "मीच मनाने ठरवून टाकलं असेल सगळं, तर?"

"मग बरंच आहे की," निशांत म्हणाला. "बाळांना दुखत नाही."

ती त्याच्याशी खांदेश्वर येईपर्यंत बोलली नाही. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं, आणि तिला ते सहन होत नव्हतं. आकडे आहेत तसे सरांसमोर ठेवले की आया कायमच्या बाहेर. आणि न ठेवणं तिला जमणारं नव्हतं.

अशा अवस्थेत एका सकाळी वॉर्डाच्या दाराशी आवाज चढलेला तिने ऐकला. मालतीबाई होत्या. दिवाळे गावच्या, मासळी विकणाऱ्या. आवाजाला बाजाराची सवय. त्यांची सून हर्षिता वेळेआधी बाळंत झाली होती, आणि नातू आत पेटीत होता, नेहमीच्या पद्धतीच्या गटात. भेटीच्या वेळी दोघी सासू-सुना काचेला नाक लावून उभ्या असत. आतल्या नव्या सिस्टरला मालतीबाई काचेबाहेरून झापत होत्या.

"काय झालं, मावशी?" अस्मिताने विचारलं.

"तूच ना ती मोटी बाय? तुज्याच कागदावर आमच्या पोरीनं सही केलीन ना? मंग बोल. आज आमच्या पोराला धरला का नाय?"

"कुणी धरायचं, मावशी? तुमचा नातू नेहमीच्या पद्धतीत आहे. त्यात धरत नाहीत."

"धरत नाय? मी डोल्यांनी बगतंय रोज! ती जाडी बाय हाय ना, शालन, ती सुई घेवाच्या अगोदर त्याचं पाय दुमडतं, असं मुठीत धरतं, बोटाला हर्षिताचं दूध लावून तोंडात देतं. पोर हूं का चूं करत नाय. काल दुसरी होती, तिनंपन केलान. आज ही नवी पोर. नुसती टोचून मोकली! किती रडला तो. कागदावर लिवलाय नेहमीची पद्धत, आनि नेहमी धरतात, तं आजच काय झाला?"

हर्षिता मागून सासूचा पदर ओढत होती. "आई, जाऊ द्या ना."

"का जाऊ द्या? पद्धत मंजे पद्धत!"

अस्मिताने मालतीबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः शालन सिस्टरना शोधायला गेली. त्या कपड्यांच्या खोलीत चादरी मोजून घेत होत्या.

"सिस्टर, तुम्ही कंट्रोलच्या, नेहमीच्या पद्धतीच्या बाळांना धरता?"

शालन सिस्टरनी चादर खाली ठेवली नाही. "कुनी सांगितलं?"

"धरता का?"

"तू क्यामेऱ्यात तोंडच घेतीस ना? मग पाय कुटं दिसत्यात? दूध क्यामेरा चालू व्हायच्या आधीच देती, आनि पाय नीट बघून, फ्रेमच्या बाहेरनं धरती. तुझ्या अभ्यासाला काय धक्का लावलेला न्हाई."

"सिस्टर, अहो, तोच तर अभ्यास आहे!"

"हळू बोल. बाकीच्यांना कळंल."

बाकीच्यांना कळायचं काही उरलेलं नव्हतं. दुपारपर्यंत अस्मिताने एकेकीला गाठून विचारलं. कुणी आधी नाही म्हणालं, कुणी लगेच रडायला लागलं, पण निघालं ते एकच. ती एक नवी सिस्टर सोडली, तर सगळ्याजणी नेहमीच्या पद्धतीच्या बाळांना धरत होत्या. प्रत्येक जणी चोरून. प्रत्येकीला वाटत होतं की, आपण एकटीच नियम मोडतोय आणि बाकीच्या इमानाने हात बांधून उभ्या असतात. मग एका बाळाने काय होतंय! हात मात्र सगळ्यांनीच फ्रेमच्या बाहेर ठेवले होते. शिस्तीचा वॉर्ड होता.

"असं कसं केलंत हो?" अस्मिता शेवटी शालन सिस्टरना म्हणाली. राग ओसरला होता, फेऱ्या चालू होत्या. "माझं सगळं काम गेलं. सर आता आयांना आत घेणार नाहीत. त्याच्यासाठी तर चाललं होतं."

"मला एक सांग. तू यायच्या आधी मी किती वर्सं टोचत हुते? कधी कुणाला धरलं? न्हाई. कारन आम्ही टाच बघायचो. थेंब आला का, झालं. तूच जेवताना घास अडकंस्तवर ती तोंडं दाखिवलीस. भुवई बघा, डोळं बघा, रेघ बघा. आता दिसायला लागल्यावर हात काय खिशात घालू? ह्या ड्रेसला खिसाबी बारका हाय."

अस्मिताच्या फेऱ्या थांबल्या. चूक तिचीच होती, आणि ती पुस्तकात सापडणाऱ्या चुकांपैकी नव्हती. तिने माणसांना आधी बघायला शिकवलं आणि मग बघत उभं राहा म्हणून सांगितलं.

तिच्या गाइड मॅडमना यात काहीच अवघड वाटलं नाही. "दुसरा गट पुन्हा घ्या," त्या फोनवर म्हणाल्या. "या वेळी टोचताना तुम्ही स्वतः शेजारी उभ्या राहा. बाळाला कुणीही हात लावणार नाही, एवढंच बघायचं. तुमच्यासमोर कुणाची हिंमत होणार नाही. आणि आधी कोणी कोणी नियम मोडला त्यांची नावं कळवा."

"नावं नाहीत, मॅडम. प्रशिक्षणात चूक माझी झाली, असं लिहिते."

"लिहा. पण गट घ्या. तो आला की फरक दिसेल, तुम्हाला डिग्री मिळेल, आणि तुमच्या आयाही आत येतील. थोड्या बाळांचा प्रश्न आहे."

थोड्या बाळांचा प्रश्न होता. अस्मिताने तो सगळ्या बाजूंनी बघितला, आणि गणित बरोबर येत होतं. थोडी बाळं एकटी टोचायची, म्हणजे पुढची सगळी बाळं आईच्या अंगावर. तिने हो म्हटलं.

ज्या बाळांचा मुक्काम अजून बाकी होता त्यांच्यापासून सुरुवात करायची होती, म्हणून पहिला आला मालतीबाईंचा नातू. हर्षिताने पुन्हा सही केली. या वेळी कुणीही धरणार नाही, हे अस्मिताने तिला दोनदा समजावलं. मालतीबाई काही बोलल्या नाहीत, त्यामुळे सगळ्यांनाच जरा भीती वाटली. दोघी काचेबाहेर उभ्या राहिल्या. सुई शालन सिस्टरच्या हातात. मोबाइल स्टँडवर लावला. अस्मिता पेटीच्या डाव्या बाजूला, हात मागे बांधून.

"बघ हां," शालन सिस्टर म्हणाल्या, "टाचंला एक हात, सुईला एक. तिसरा मला न्हाई."

बोळा लावला. पोराने पाय थोडा हलवला. सुई गेली. अस्मिताने आजवर हे हजारदा बघितलं होतं, पण नेहमी टाचेकडून नाहीतर पडद्यावर; आणि पडद्यावर ते आधीच होऊन गेलेलं असतं. आता ते होत होतं. भुवयांच्या मध्ये फुगलं. डोळे मिटले, घट्ट. रेघ उतरली. तोंड उघडलं, आणि आवाज यायच्या आधीची जी निःशब्द जागा असते, ती आली आणि लांबत गेली. ती मनात गुण देत होती, सवयच ती. वरचा आकडा आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की, मागे बांधलेले हात मागे नाहीत. एकात पोराचं डोकं होतं, दुसऱ्यात दोन्ही पाय, दुमडलेले.

शालन सिस्टरनी मान वर केली नाही. थेंब घेत घेत म्हणाल्या, "मॅडम, फ्रेममध्ये हात आला."

"हो."

"काढताय न्हवं?"

अस्मिताने हात काढला नाही. पोराचं रडणं हुंदक्यावर आलं, मग नुसत्या कुरकुरीवर. काचेबाहेर मालतीबाई सुनेला मोठ्याने म्हणाल्या, "बग, मी बोलली ना? पद्धत हाय."

तो व्हिडिओ बाद झाला. बाद करण्याच्या कारणासमोर 'संशोधिकेचा हात' असं लिहावं लागलं.

दुसरं बाळ तिने घेतलंच नाही. अभ्यास बंद करण्याचा अर्ज घेऊन ती डॉ. निंबाळकरांकडे गेली. त्यांनी तो वरवर चाळला.

"तुलनेसाठी गट मिळत नाही म्हणजे काय? वॉर्ड बाळांनी भरलाय."

"बाळं आहेत, सर. न धरणारं कुणी नाही."

"मग थांबवा त्यांना."

"मी शेजारी उभी होते, सर. माझाच हात गेला."

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला. "म्हणजे फरक सिद्ध झाला नाही."

"नाही, सर."

"आपलं काय ठरलं होतं, आठवतंय ना? फरक नाही, तर आया बाहेर. विषय बंद." त्यांनी सहीसाठी पेन उघडलं आणि अर्जातल्या एका ओळीवर थांबले. "हे काय? 'दुधाचे बोट तोंडात'. कुणाचं बोट?"

"सिस्टरांचं."

"ग्लोव्ह घालून?"

अस्मिता खोटं बोलू शकली असती. "कधी घालून. घाईत कधी तसंच. चोरून करायचं म्हणजे…"

डॉ. निंबाळकर उभे राहिले. मग खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. भुवयांच्या मध्ये चांगलंच फुगलं होतं. "या पेटीतून त्या पेटीत? तेच हात? मॅडम, हा वॉर्ड आहे की काय आहे? इतके महिने?"

"थांबणार नाहीत त्या, सर. मेमो दिलात, तर आणखी चोरून करतील. हात जाणारच आहे. फक्त तो कुणाचा जावा, एवढंच आपल्या हातात आहे."

त्यांनी फोन उचलला आणि संसर्ग-प्रतिबंध समितीची बैठक त्याच दुपारी बोलावली. ही समिती फार कडक म्हणून प्रसिद्ध होती. वेदनेबद्दल तिला काही विचारायचं कारणच नव्हतं. संध्याकाळी सूचनाफलकावर परिपत्रक लागलं. 'टाचेतून रक्त घेतेवेळी कर्मचाऱ्यांनी अर्भकाच्या तोंडात बोट घालण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे. अर्भकास धरणे आवश्यक असल्याने ते त्याच्या मातेने, हात कोपरापर्यंत स्वच्छ धुऊन, स्वतःच्या अंगावर धरावे. अन्य कोणीही स्पर्श करू नये.' दुखण्याचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता.

शालन सिस्टरनी ते चष्मा लावून वाचलं. "आमाला मनाई व्हय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. मला तरी कुटं तीन हात हायत."

गाइड मॅडमनी कळवलं की, नवा विषय घेऊन नव्याने नोंदणी करावी लागेल, आणि शक्यतो ज्यात हात लावायची सोय नसेल असा विषय घ्यावा. घरी केशरबाईने विचारलं, "म्हंजे इतकी वर्सं फुकट?"

"हो, आई."

"आनि ती कोळनीची सून?"

"तिने धरलं आज त्याला."

केशरबाईने सुनेच्या कपाळाकडे बघितलं आणि तिचं ताट वाढलं.

अस्मिताने विद्यापीठाला पाठवलेल्या अंतिम टिपणात लिहिलं : 'प्रस्तुत अभ्यास तुलनेसाठी गट उपलब्ध न झाल्याने निष्कर्षाविना बंद करण्यात येत आहे. मातेच्या अंगस्पर्शाने अर्भकाच्या वेदना कमी होतात, असे या विभागात सिद्ध झालेले नाही.'

त्या वॉर्डात आता बाळाला एकटं टोचत नाहीत.